दिवेलागणीचा हाव

तळेगावच्या कोकिळाबाईचं नाव आधी ऐकलेला आणि तिला नंतर भेटलेला माणूस हमखास फसतो. नावावरून तो गोड गळ्याची बाई मनात धरून येतो आणि बाईनं तोंड उघडलं की एक पाऊल मागे सरतो. आवाज खरखरीत आणि भरदार. धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, उभं राहून तिनं "अवो छायाऽऽ" केलं की छाया तर मान वर करायचीच, शेजारच्या वावरातला बैलही चरायचा थांबायचा. बारशाला आत्यानं काय ऐकून हे नाव ठेवलं कोण जाणे. पण बावीस बायांची टोळी सांभाळायची तर आवाज असाच लागतो. पुटपुटणाऱ्याचं ते काम नव्हे.

कोकिळाबाई मुकादमीण. एखाद्या शेतकऱ्याला कापूस वेचायला, निंदायला, संत्री निवडायला बाया लागल्या की तो तिला सांगणार. ती बाया गोळा करणार, ॲटो सांगणार, आणि शेतात गेल्यावर स्वतःही पदर खोचून ओळीत लागणार. बाया कमी आल्या तर शेतकरी तिला बोलणार. जास्त आल्या तर परत जाणाऱ्या बाया तिला बोलणार. नेमक्या आल्या तर कोणीच काही बोलणार नाही.

ही मुकादमकी तिला सासूकडून आली. सासू शकुंतलाबाई एक अक्षर शिकलेली नव्हती, पण हिशेबाला पक्की. ती बाया मोजायचीच नाही, चपला मोजायची. शेताच्या कडेला बाभळीखाली बायांनी चपला काढल्या की शकुंतलाबाई काठीनं एकेक जोड हलवत जायची. एकदा बाया पंधरा आणि चपलांचे जोड सोळा भरले. झालं! सोळावी बाई गेली कुठं? विहिरीत डोकावून झालं, कापसाच्या पऱ्हाटीत शोधून झालं, अर्धा तास काम बंद. शेवटी एक बाई लाजत म्हणाली, "मामी, तो नवा जोड माहाच हाय. इथून सरळ बाजारात जाच्चं हाय न मले." त्या दिवसापासून शकुंतलाबाईनं नियम केला, की बाजाराची चप्पल पिशवीत.

सासूच्या काळी टोळी एकाच शेतात जायची. दुपारी सगळ्या जणी एका झाडाखाली डबे उघडायच्या, आणि भाकरीचा पहिला तुकडा मोडता मोडता शकुंतलाबाई विचारायची, "उद्या कोन कोन?" कोणी हाव म्हणायचं, म्हणजे हो; कोणी म्हणायचं, "नाई मामी, उद्या लेकीले पाह्याले येऊन राह्यले." संपलं. मुकादमीण तिथल्या तिथं समजायची.

कोकिळाबाईच्या हाती टोळी आली आणि ती वाढली. तिची कामं चोख, आवाज मोठा, फोन कायम कमरेला. होता होता या वर्षी दिवाळीनंतर तीन ठिकाणची कामं एकदम अंगावर आली. वासुदेवरावांचा नऊ एकर कापूस, हायवेच्या अंगाला. गोपालची संत्र्याची बाग, तिथं आठ बाया संत्री निवडायला. आणि बापूजींचा हरभरा, तिथं पाच जणी निंदणाला. टोळी तीन ठिकाणी फुटली. आता दुपारी एका झाडाखाली बावीस डबे उघडणार कसे? मग कोकिळाबाईनं नवी पद्धत काढली. संध्याकाळी शेतावरून आलं की हातपाय धुवायचे, अन् घरोघर फेरी मारायची. दारात उभं राहून विचारायचं, "उद्या येशीन न वो?"

आणि घरी अंगणात तिनं तीन तारा बांधल्या. कपडे वाळवायच्या असतात तशाच. पहिली तार वासुदेवरावांची, दुसरी गोपालची, तिसरी बापूजींची. लाकडी चिमटे आणले बावीस आणि प्रत्येक चिमट्याला त्या त्या बाईच्या जुन्या लुगड्याची एकेक चिंधी बांधली. हिरवी चिंधी अन्नपूर्णाबाईची, फुलाफुलाची शोभाबाईची, अबोली छायाची. जी बाई उद्या जिथं, तिचा चिमटा त्या तारेवर. जी येणार नाही, तिचा चिमटा बिस्किटाच्या डब्यात. फेरी मारून आली की कोकिळाबाई चिमटे लावायची आणि दोन पावलं मागे सरून बघायची. मोठी देखणी दिसायची ती तार. गोपालनं एकदा येऊन पाहिली आणि म्हणाला, "काकू, हे तं कलेक्टर हापिसात पाह्यजे."

"कलेक्टरले लुगड्याच्या चिंध्या कोन देईन?" कोकिळाबाई म्हणाली.

पण एक गोष्ट जमेना. तारेवर बावीस चिमटे असायचे आणि सकाळी ॲटोपाशी उभ्या राहायच्या पंधरा-सोळा बाया. डबा रोज रिकामा. येणार नाही असं कोणी म्हणतच नव्हतं! रोज संध्याकाळी बावीस दारांतून बावीस हाव. आणि रोज सकाळी सहा-सात जणी गायब. कोणाची सासू दवाखान्यात, कोणाच्या घरी पाहुणे, कोणाची कंबर धरलेली. कोकिळाबाई चिडायची. दुसऱ्या दिवशी गाठून विचारायची, "काल हाव म्हनलं होतं न तू?" तर बाई खाली बघून पायाच्या अंगठ्यानं माती उकरायची.

कमी पडणाऱ्या बाया नेमक्या वासुदेवरावांच्या वाट्याला यायच्या. गोपालला कमी देऊन चालत नव्हतं, त्याच्या मालाला गाडी लागलेली असायची. बापूजी वयस्कर, त्यांच्यापुढे भीड पडायची. राहिले वासुदेवराव. बापूजींचं निंदण नसायचं अशा दिवशीही पंधरा सांगितल्या तर नऊ मिळाल्या. दुसऱ्या खेपेला बारा सांगितल्या तर सात. हे वासुदेवराव म्हणजे शिस्तीचा माणूस, शाळेवर हेडमास्तर होऊन निवृत्त झालेला. शेतातही हजेरी घेतल्यासारखा हात पाठीमागे बांधून चालायचा. तिसऱ्या खेपेला त्यांनी धुऱ्यावरूनच सांगून टाकलं.

"कोकिळाबाई, हे शेवटचं. कापूस फुटून लोंबून राह्यला, आभाळ रोज येऊन जाते. भिजला तं पिवळा पडते. पुढच्या खेपेले बाया कमी आल्या, तं माहं हंगामाचं सगळं काम मी मेटाडोरवाल्याले देतो. माहंबी अन् माह्या दोन भावांचंबी."

मेटाडोरवाला म्हणजे हायवेच्या पलीकडचा एक मुकादम. त्याच्याकडे स्वतःची गाडी आणि तीस बाया. आणि वासुदेवरावांची तीन भावांची शेती म्हणजे कोकिळाबाईच्या टोळीचं फाल्गुनापर्यंतचं काम. गोपालची बाग पंधरा दिवसांत आटोपणार, बापूजींचा हरभरा चार दिवसांत. वासुदेवराव गेले की निम्मी टोळी घरी बसणार. आणि घरी बसलेली टोळी दुसऱ्याच्या गाडीत बसायला कितीसा वेळ लागतो?

मंगळवारी संध्याकाळची गोष्ट. कोकिळाबाई फेरीला निघायच्या आधी तुळशीपाशी दिवा लावत होती. वात ओली होती, पेटत नव्हती. दोनदा काडी विझली. तिसऱ्यांदा वात पेटली, ज्योत उभी राहिली, आणि कमरेचा फोन वाजला.

"कोकिळाबाई, वासुदेव बोलून राह्यलो. परवा गुरुवारी सगळा वरचा तुकडा वेचून पाह्यजे. बावीसच्या बावीस बाया आन. आनशीन का नाई, एका शब्दात सांग."

बावीस! आठ गोपालच्या बागेत, पाच बापूजींच्या हरभऱ्यात. तिच्या डोळ्यांपुढे तिन्ही तारा उभ्या राहिल्या. तोंडापर्यंत आलं होतं की नाई जी, बावीस नाई जमत. समोर दिवा. हात अजून जोडलेले, फोन खांद्यात धरलेला.

"हाव जी," कोकिळाबाई म्हणाली.

फोन ठेवला गेला. ती तशीच उकिडवी बसून राहिली. हे आपण काय बोललो? कोणी वदवलं आपल्याकडून? ज्योतीकडे बघता बघता तिच्या डोक्यात एकदम लख्ख झालं. तिनं कपाळावर हात मारून घेतला आणि म्हणाली, "आवं माय! मीबी तेच करून राह्यली की!"

दिवेलागणीला नाही म्हणू नये. हे का तिला कोणी शिकवायला हवं होतं? लक्ष्मी घरात येण्याची ती वेळ. त्या वेळी घरातलं मीठ संपलं तर संपलं म्हणायचं नाही, मीठ वाढलं म्हणायचं. कोणी काही मागितलं तर नाही म्हणायचं नाही. पाहू म्हणावं, हाव म्हणावं, सकाळचं सकाळी. हे इतकं अंगात मुरलेलं की कोणाच्या ध्यानातही येत नाही.

गावातल्या तानबाच्या मात्र ते बरोबर ध्यानात आलं होतं. आता शिडीचं सांगितल्याशिवाय तानबाचं सांगून होत नाही. या तानबानं जन्मात शिडी विकत घेतली नाही, दोर घेतला नाही, पहार घेतली नाही. दिवसभर ओट्यावर बसून असायचा आणि घरोघर दिवे लागायला लागले की उठायचा. बरोबर देव्हाऱ्यात वात पेटतेवेळी दारात उभा. "वहिनी, शिडी हाय का जी?" वहिनी काय म्हणणार! एकदा तर वासुदेवरावांच्या आईनं त्याला येताना पाहिलं आणि दिवा लावायचाच ठेवून दिला. तानबा दारात उभा, आजी काडीपेटी हातात धरून बसलेली. हा जाईना, ती पेटवेना. पूर्ण अंधार पडला. शेवटी आजी अंधारातूनच म्हणाली, "तानबा, अजून माह्या घरी दिवेलागन नाई झाली, मनून सांगतो. शिडी नाई!"

तर कोकिळाबाईनं केलं होतं काय? दुपारचा प्रश्न उचलून दिवेलागणीला नेला होता. बावीस घरी, बावीस दिव्यांसमोर. तानबा शिडी न्यायचा, ही हाव घेऊन यायची. आणि घरी येऊन ते तारेवर टांगायची.

त्या संध्याकाळी ती फेरीला गेलीच नाही; बुधवारी ज्या त्या बाईनं आदल्या दिवशीच्याच शेतावर जायचं ठरलेलं होतं. आणि वासुदेवरावांना लगेच फोन करून नाही म्हणणंही तिच्यानं झालं नाही, कारण दिवा अजून जळत होता.

बुधवारी सकाळी तिनं आपली कापसाची ओळ सोडली. कामाला लागल्यापासून ताप नसताना घातलेला हा पहिला खाडा. ठरवलं की आज तिन्ही शेतं फिरायची, उन्हात फिरायची, आणि प्रत्येकीला तिच्या कामाच्या जागी विचारायचं.

दहा वाजता ती बापूजींच्या हरभऱ्यात पोचली. पाच जणी ओळीनं निंदत होत्या. अन्नपूर्णाबाई सगळ्यांत मोठी, शकुंतलाबाईच्या वेळेपासूनची. तिच्या शेजारी कोकिळाबाईही बसली आणि गवत उपटायला लागली. थोडं उपटून झाल्यावर म्हणाली, "बाई, खरं सांगा. मी सांजच्याले इचारतो तवा तुम्ही हाव म्हनता, ते खरं असते का?"

अन्नपूर्णाबाई हसायला लागली. हसता हसता बसल्या जागी मागे कलली.

"लय लवकर कळलं वो तुले! अवो, तू त्या वक्ताले येतं. लक्षुमी दारात, मुकादमीन दारात. तोंडातून नाई कसं काढाव?"

"मंग सांगाचं नाई का मले?"

"कवा सांगाव? दिवसा तू दुसऱ्या वावरात. दिसते तं तवाच दिसते." अन्नपूर्णाबाईनं मुळासकट एक गवत ओढून बाजूला टाकलं. "अन् तूबी का कमी हायेस? तुह्या घरी कोनी त्या टायमाले आलं तं तू म्हनतं का नाई?"

कोकिळाबाईला कालचा फोन आठवला आणि तिनं दोन मुठी गवत जास्तच उपटलं. बाकीच्या चौघी तोंडाला पदर लावून हसत होत्या.

"बरं," ती म्हणाली, "येशीन का, हे मी आता इचारतच नाई. मले एवढंच सांगा, उद्या तुम्ही कुठं हाय?"

प्रश्न एवढासाच बदलला, आणि बायांची तोंडं मोकळी झाली. येशील का म्हटलं की उत्तर दोनच, आणि त्यातलं एक तोंडावर द्यायला अवघड. कुठं आहेस म्हटलं की बाई आपला सगळा दिवसच समोर मांडते. अन्नपूर्णाबाई म्हणाली की मी कुठंही जायला मोकळी. दुसरी म्हणाली, मीही. तिघींचं बापूजींशी बोलून ठरणार होतं. बापूजी बांधावर खाटेवर बसून ऐकतच होते.

"चार जनी घेऊन जा उद्या," ते म्हणाले. "एक ठेव माह्यासाठी. पन शुक्रवारी पाचीच्या पाची आनून दे. हरभरा पळून नाई जात, पन मी म्हातारा मानूस, मीच कवा पळीन सांगता येत नाई."

"तुम्ही कुठं पळता बापूजी, काठी घरी इसरून आले तुम्ही," अन्नपूर्णाबाई म्हणाली.

चार झाल्या. बारा वाजता कोकिळाबाई गोपालच्या बागेत होती. आठ जणी संत्र्यांच्या ढिगाभोवती बसून मोठं, मधलं, बारीक असं वेगळं करत होत्या. गोपाल म्हणाला, "काकू, उद्या गाडी लागनार हाय, मी एकबी बाई सोडत नाई." कोकिळाबाईनं ढीग पाहिला. मग तिनं पाहिलं की आठातल्या दोन जणींपुढे ढीगच नाही. बारीक संत्र्यांचा वाटा संपला होता आणि त्या दोघी नुसत्या संत्री सोलून खात बसल्या होत्या.

"ह्या दोघी काय करून राह्यल्या?"

"त्या... तपासून राह्यल्या," गोपाल म्हणाला.

"तोंडानं?"

गोपालनं दोघी सोडल्या. सहा झाल्या.

दोन वाजता ती वासुदेवरावांच्या खालच्या तुकड्यात आली. तिथं तिच्याच टोळीच्या आठ जणी वेचत होत्या; आज नेमक्या जवळजवळ सगळ्याच आल्या होत्या. वासुदेवराव नव्हते, आर्वीला गेले होते. नववी ती स्वतः. प्रत्येकीला ओळीत गाठून विचारलं. शोभाबाई म्हणाली, मी उद्या आर्वीले, सासूच्या डोळ्याची तारीख हाय, पंधरा दिसापासून ठरलेली. दुसरीच्या घरी मुलीला बघायला येणार होते. कोकिळाबाईनं दोघींना एकच विचारलं, "काल मी आलो असतो तं काय म्हनलं असतं?" दोघींनी एकच उत्तर दिलं, "हाव म्हनलं असतं."

मग ती छायाच्या ओळीला आली. छाया म्हणजे सव्वीस-सत्तावीस वर्षांची, नव्यानं टोळीत आलेली सून. कधी खाडा नाही, कधी तक्रार नाही. कोकिळाबाईला आज सकाळपासून एक गोष्ट टोचत होती. निघताना तिनं सगळे चिमटे तारेवरून उतरवले, तेव्हा तिला दिसलं की बाकीच्या चिंध्यांचा रंग होता तसा आहे आणि छायाची अबोली चिंधी उन्हानं पांढरीफटक पडली आहे. इतर चिमटे, सकाळी बाई आली नाही की उशिरा का होईना, मधून मधून डब्यात पडले होते. छायाचा चिमटा एक दिवसही तारेवरून खाली आला नव्हता. कोकिळाबाईनं बोटांवर मोजलं. तेवीस दिवस. जिथं कोणी कमी पडलं तिथं छाया. सकाळी संत्र्यात, दुपारून कापसात, असंही दोनदा झालं होतं. बाकीच्या बायांचा दिवेलागणीचा हाव खोटा निघत होता, त्याचं सगळं ओझं हिच्या एकटीच्या खऱ्या हावावर पडत होतं.

"छाया, उद्या कुठं हायेस?"

"तुम्ही सांगान तिथं, काकू."

"मी नाई सांगत. तू सांग."

छायानं एक बोंड वेचलं, दुसरं वेचलं. मग हात थांबवून म्हणाली, "झोपून राह्यलो एक दिवस तं चालीन का?"

"चालीन," कोकिळाबाई म्हणाली. आणि तिथून लगेच पुढे गेली, कारण पोरगी रडते की काय असं तिला वाटलं.

आठातल्या पाच, अधिक स्वतः, झाल्या सहा. आधीच्या सहा. बारा. बावीस नव्हे, बारा. तीन वाजता, डोक्यावर ऊन असताना, तिनं वासुदेवरावांना फोन लावला.

"भाऊजी, कालचा माहा हाव खोटा होता. बावीस नाई येत. बारा येतीन."

मग वासुदेवराव म्हणाले, "म्हनजे सात येतीन."

"नाई जी. बारा."

"कोकिळाबाई, मी चाळीस वर्ष पोरं शिकोली. तुहं गनित मले आता पाठ हाय. पंधरा म्हनलं की नऊ, बारा म्हनलं की सात. मले खरं तं तेराच बाया पाह्यजे होत्या. मनून तं मी बावीस सांगतल्या."

कोकिळाबाई धुऱ्यावर मटकन बसली. म्हणजे हा माणूस नसलेल्या बाया मागत होता, आणि ती नसलेल्या बायांना हाव म्हणत होती. रात्रीची झोप गेली ती कोणत्या नऊ बायांपायी? त्या तर त्यालाही नको होत्या!

"तेरा पाह्यजे होत्या तं तेरा काऊन नाई सांगतल्या?"

"तेरा सांगतल्या असत्या तं आठ आल्या असत्या." आणि ते पुढे म्हणाले, "मी मेटाडोरवाल्याले सांगून टाकलं. उद्या तो येते. तू सात घेऊन ये, कायले नाई म्हनाव. पुढचं पुढं पाहू."

पाहू. या शब्दाचा अर्थ कोकिळाबाईपेक्षा जास्त कोणाला ठाऊक? ती उठली, लुगडं झटकलं आणि अकरा जणींना अकरा निरोप स्वतः जाऊन दिले. ऊन होतं तोवर.

गुरुवारी आठच्या आत ॲटो वासुदेवरावांच्या शेतावर लागला. एकात सगळ्या मावल्या नव्हत्या, मागून दुसरा आला. वासुदेवराव हात पाठीमागे बांधून धुऱ्यावर उभे होते. बाया उतरायला लागल्या तसे त्यांचे ओठ हलायला लागले. सातवर आले आणि थांबले. मग आठवी उतरली. नववी उतरली. बारावी अन्नपूर्णाबाई उतरली आणि म्हणाली, "मास्तर, हजेरी घेतली का? की उपस्थित म्हनाव लागते?"

थोड्या वेळानं मेटाडोरही आला. त्यात अठरा बाया. शेत नऊ एकर, पण वेचायचा वरचा तुकडा चारच एकर, आणि त्यात तीस बाया! एका तासावर दोन-दोन जणी लागायला लागल्या. तास म्हणजे पऱ्हाटीची ओळ. हा तास माझा, तो तुझा, अशी ओढाताण सुरू झाली. मेटाडोरवाला म्हणाला, "मले पुरा तुकडा सांगतला हाय." कोकिळाबाई म्हणाली, "मले तुह्या आधी, परवाच सांगतला." वासुदेवराव मधे उभे. ज्या माणसानं तेरा बायांसाठी तीन दिवस जीव पाखडला, त्याच्यापुढे तीस उभ्या होत्या आणि त्यांचं काय करायचं हे त्याला कळत नव्हतं.

शेवटी त्यांनीच तोड काढली. मेटाडोरवाल्याला हायवेकडच्या भावाच्या तुकड्यावर लावून दिलं. तो कापूसही फुटलाच होता. वरचा तुकडा कोकिळाबाईच्या बाराजणींना राहिला. आता हायवेकडचं काम गेलं ते गेलंच. वासुदेवरावांच्या आणि तिच्या खोट्याखऱ्या आकड्यांतून मेटाडोरवाल्याला एका भावाचं शेत मिळून गेलं, आणि ते पुढेही त्याच्याकडेच राहणार, हे कोकिळाबाईला तिथंच उभ्या उभ्या समजलं. तिनं पदर खोचला आणि पहिल्या तासाला लागली.

बारा जणींनी चार वाजेपर्यंत तीन एकर ओढले. एक एकर राहिला. वासुदेवराव मधल्या वेळात दोनदा येऊन मोजून गेले, बारा आहेत की पळाल्या. दुसऱ्यांदा मोजताना अन्नपूर्णाबाईनं मुद्दाम पऱ्हाटीत बसून घेतलं आणि मास्तर अकरावर अडखळले, तेव्हा सगळ्या शेतात हसू फुटलं.

ऊन उतरायला लागलं तसे ते कोकिळाबाईजवळ आले.

"बारा म्हनली अन् बाराच आल्या. हे कसं काय?"

"बारा होत्या मनून बारा म्हनलं."

वासुदेवरावांनी मान हलवली. मग म्हणाले, "उद्या किती देशीन?"

तिनं डोळे मिटून घेतले. पाच जणी बापूजींना, दिलेला शब्द. आठ जणी गोपालची गाडी भरायला, कारण ती आज लागली नाही, उद्यावर गेली. छाया आजच घरी राहिली होती आणि सकाळीच तिची सासू कोकिळाबाईच्या दारात येऊन भांडून गेली होती, की सहा वाजले तरी सून झोपून आहे, तिला काही काम दे म्हणून. कोकिळाबाईनं तिला सांगितलं होतं, की आज तिचं तेच काम आहे. उरल्या त्यांतल्या बहुतेक जणी तेरा-चौदा दिवसांपासून न थांबता चालल्या होत्या.

"उद्या नाई," कोकिळाबाई म्हणाली.

वासुदेवरावांनी वर पाहिलं. आभाळ होतं, पण पातळ.

"पाच?"

"पाचबी नाई जी. शनिवारी चौदा. त्या चौदाच येतीन, पंधरावी येनार नाई."

वासुदेवराव बराच वेळ त्या राहिलेल्या एकराकडे बघत उभे राहिले. हायवेकडून मेटाडोर हॉर्न देत निघाला. त्याला हात दाखवला असता तर तो थांबला असता, आणि उद्या अठरा बाया घेऊन आलाही असता. किंवा अठरा सांगून अकरा घेऊन आला असता. मास्तरांनी हात वर केला, डोक्यावरची टोपी सारखी केली आणि पुन्हा पाठीमागे बांधला.

"शनिवारी चौदा," ते म्हणाले. "मग मी चौदाजनींचंच पानी भरून ठेवतो."